एच-१बी व्हिसा: अर्ज कंपनीचा, नाव तुमचं

रत्नागिरी जिल्ह्यात 'व्हिसा आला का?' हा प्रश्न नवा नाही. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर इथली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी राहिली आहेत. त्यामुळे व्हिसा म्हटलं की एजंट आणि एजंट म्हटलं की पैसे, हे गणित आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. त्या गणिताला निदान कायद्याची चौकट आहे. १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटची सरकारकडे नोंदणी लागते आणि त्याने कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घ्यायची असते. प्रत्यक्षात काय होतं ते गावोगावी माहीत आहे.

अडचण अशी की हेच गणित डोक्यात ठेवून लोक अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाकडे बघतात. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर दर फेब्रुवारीत एखादा मेसेज फिरतोच: 'एच-१बी स्पॉन्सरशिप गॅरंटीड, आधी दोन लाख, उरलेले लॉटरी लागल्यावर.' मग कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मामेभाऊ विचारतो, 'ताई, हे खरं असतं का?' एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे पक्कं करून घ्या की एच-१बीचा अर्ज तुम्ही करतच नाही. तो अमेरिकेतली कंपनी करते, तिला मनुष्यबळाची गरज आहे म्हणून. तुम्ही त्या अर्जाचे लाभार्थी. पुढचे बहुतेक नियम, म्हणजे खर्च कोणी करायचा, पगार कोण ठरवतो, नोकरी गेली तर काय, हे सगळे या एका गोष्टीतून निघतात. त्यामुळे एच-१बी 'विकणारा' माणूस जे विकतोय ते त्याचं नसतंच.

मुळात हा व्हिसा कशासाठी?

आजच्या स्वरूपातला एच-१बी अमेरिकेच्या १९९०च्या इमिग्रेशन कायद्यातून आला. ज्या कामाला विशिष्ट विषयातली किमान पदवी लागते, त्या कामासाठी परदेशी माणूस तात्पुरता आणायचा, असा तो प्रकार. आधी तीन वर्षं, मग आणखी तीन, एकूण सहा. मंजूर होणाऱ्या अर्जांत दहापैकी सात भारतात जन्मलेल्यांचे असतात, त्यामुळे हा व्हिसा म्हणजे जवळजवळ आपल्याच लोकांची गोष्ट झाली आहे.

पदवीबद्दल एक बारीक मुद्दा, कारण तो विचारला जातोच. आपली चार वर्षांची बीई-बीटेक साधारणपणे तिकडच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीसीए एकटी बहुतेक वेळा कमी पडते. तिथे अनुभव जोडून भर घालता येते आणि त्याचं प्रमाण तीनास एक आहे: शिक्षणाच्या कमी पडणाऱ्या एका वर्षाला संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव. नुसत्या डिप्लोमावर हा व्हिसा बसत नाही.

लॉटरी, आणि तिच्यात झालेले बदल

दर वर्षी ६५ हजार जागा, शिवाय अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार, एकूण ८५ हजार. २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत हा आकडा १ लाख ९५ हजार होता हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. विद्यापीठं आणि काही ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत.

मार्चमध्ये कंपनी ऑनलाइन नोंदणी करते. २०२०मध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा फी १० डॉलर होती, २०२५पासून ती २१५ डॉलर झाली. निवड झाली तर १ एप्रिलपासून पूर्ण अर्ज भरायचा आणि नोकरी लवकरात लवकर १ ऑक्टोबरला सुरू.

दहा डॉलरच्या काळात काय झालं ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगते. सिस्टीममध्ये 'युनिक' धरली होती ती कंपनी आणि माणूस ही जोडी. म्हणजे एकाच माणसासाठी पाच कंपन्यांनी नोंदणी केली तर लॉटरीत त्याच्या पाच चिठ्ठ्या. मग काय, एकमेकांशी संगनमत असलेल्या छोट्या कन्सल्टन्सी एकाच नावाच्या चिठ्ठ्या टाकत सुटल्या. आर्थिक वर्ष २०२४च्या लॉटरीत एकूण ७ लाख ८० हजारांच्या वर नोंदण्या आल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकापेक्षा अधिक चिठ्ठ्या असलेल्या लोकांच्या होत्या. पुढच्या वर्षी नियम बदलला. चिठ्ठी माणसामागे एकच, ओळख पासपोर्ट नंबरवरून. पात्र नोंदण्या लगेच ४ लाख ७० हजारांवर आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी ३ लाख ४४ हजारांच्या आसपास. त्या वर्षी १ लाख २० हजारांहून थोड्या जास्त नोंदण्या निवडल्या गेल्या. 'आमच्या चार कंपन्यांतून तुमचं नाव टाकतो, चान्स चौपट' असं कोणी आजही सांगत असेल, तर तो जुना माल खपवतोय.

डिसेंबर २०२५मध्ये आणखी एक बदल जाहीर झाला आणि तो २७ फेब्रुवारी २०२६पासून लागू झाला. आता चिठ्ठ्या पगाराच्या पातळीवर. त्या भागातल्या त्या कामाच्या पगाराच्या चार पातळ्या असतात. पहिल्या पातळीवरच्या माणसाची लॉटरीत एक चिठ्ठी, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या चार. नुकत्याच पास झालेल्या मुलामुलींना याचा थेट फटका बसतो, कारण फ्रेशर बहुतेक पहिल्या पातळीवरच असतो. माझं मत विचाराल तर कमी पगारात माणसं नेणाऱ्यांना आळा बसेल हे खरं, पण 'कौशल्य' मोजायचं माप म्हणून पगार हे जरा ओबडधोबड माप आहे.

एक लाख डॉलरचं प्रकरण

१९ सप्टेंबर २०२५ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक फर्मान काढलं. २१ सप्टेंबरपासून नव्या एच-१बी अर्जासोबत एक लाख डॉलर भरायचे, मुदत १२ महिने आणि ती वाढवता येण्याची तरतूद. त्या शनिवार-रविवारी सुट्टीवर आलेल्या लोकांनी मिळेल ते तिकीट काढून परत जायची धावपळ केली. नंतर स्पष्ट झालं की आधीच वैध एच-१बी असलेल्यांना ही रक्कम लागू नाही. ऑक्टोबरमध्ये यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याने आणखी खुलासा केला. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाचं स्टेटस तिथल्या तिथे बदलून एच-१बी होत असेल, तर रक्कम लागत नाही. जो देशाबाहेर आहे आणि ज्याच्याकडे वैध एच-१बी नाही, त्याच्या नव्या अर्जाला लागते. याविरुद्ध कोर्टात दावे झाले. त्यातल्या एकात डिसेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

याचा अर्थ आपल्यासाठी काय? पुण्यातून, मुंबईतून किंवा रत्नागिरीत घरी बसून थेट एच-१बीवर जायचा रस्ता या फर्मानाच्या काळात जवळपास बंद. कुठली कंपनी एका प्रोग्रॅमरसाठी जवळपास नव्वद लाख रुपये जास्तीचे मोजेल? असं असताना कोणी दोन लाखांत 'गॅरंटी' देत असेल, तर उरलेला हिशोब त्यालाच करून दाखवायला सांगा.

एलसीए: हा कागद मागाच

लॉटरीची चर्चा सगळे करतात, एलसीएची कोणी करत नाही. आणि तुमचे सगळे हक्क त्यातच असतात.

एलसीए म्हणजे लेबर कंडिशन ॲप्लिकेशन. मुख्य अर्जाआधी कंपनीला अमेरिकेच्या कामगार खात्याकडे हे भरून द्यावं लागतं. त्यात कामाचं नाव, कामाची जागा, पगार आणि पगाराची पातळी लिहिलेली असते. कंपनी शपथेवर सांगते की त्या भागात त्या कामाचा प्रचलित पगार आणि आमच्याकडे तेच काम करणाऱ्या इतरांचा पगार, यांतला जो जास्त तो आम्ही देऊ. पातळ्या चार: सध्याच्या पद्धतीत पहिली म्हणजे त्या कामाच्या पगारांच्या उतरंडीत साधारण १७व्या टक्क्याची जागा, दुसरी ३४व्या, तिसरी ५०व्या आणि चौथी ६७व्या. म्हणजे पहिल्या पातळीवर तुमचा पगार तिथल्या सहापैकी पाच जणांपेक्षा कमी असू शकतो, आणि तरीही तो कायद्यात बसतो. 'अमेरिकेतला पगार' हे शब्द ऐकून हुरळून जाण्याआधी एवढं बघा.

या कागदाची प्रत कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंत तुमच्या हातात द्यायची, हे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याबरोबर एक सार्वजनिक फाइलही ठेवावी लागते, ती कोणालाही बघायला मागता येते. कामगार खातं दर तिमाहीला सगळ्या एलसीएंची माहिती एक्सेल फाइलमध्ये स्वतःच्या साइटवर टाकतं, फुकट. कंपनीचं नाव शोधा, मागच्या दोन वर्षांत कोणत्या शहरात, कोणत्या पदाला, किती पगार दाखवला ते दिसतं. ज्या कंपनीचं त्या फाइलमध्ये नावच नाही आणि ती वर्षानुवर्षं माणसं पाठवतोय म्हणते, तिच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. मी स्वतः मैत्रिणीला ऑफर आली तेव्हा पहिल्यांदा हेच केलं, दहा मिनिटांचं काम आहे.

आता बेंच. आपल्याकडे आयटीत बेंचवर बसणं म्हणजे प्रोजेक्टची वाट बघणं. अमेरिकेत एच-१बीवर असताना कंपनीकडे काम नाही म्हणून तुम्ही घरी बसलात, तरी एलसीएमधला पूर्ण पगार द्यावाच लागतो. 'प्रोजेक्ट मिळाल्यावर पगार सुरू' ही अट बेकायदा. तुम्ही नव्याने देशात दाखल झाल्यावर ३० दिवसांच्या आत पगार सुरू व्हायला हवा, काम असो वा नसो. तुम्ही स्वतःहून बिनपगारी रजा घेतलीत तर गोष्ट वेगळी.

खर्चाचं काय? अर्जासोबत एक प्रशिक्षण फी असते, छोट्या कंपनीला ७५० आणि मोठीला १,५०० डॉलर. ही कामगाराकडून घ्यायला कायद्याने साफ मनाई आहे, थेटही नाही आणि पगारातून कापूनही नाही. फसवणूकविरोधी ५०० डॉलरची फीसुद्धा कंपनीचीच. वकिलाचा आणि अर्जाचा खर्च हा कंपनीचा धंद्याचा खर्च धरला जातो. तो तुमच्यावर टाकल्याने पगार ठरलेल्या पातळीखाली जात असेल तर ते नियमभंग आहे. पासपोर्टवर शिक्का घेण्यासाठी वकिलातीची २०५ डॉलर फी मात्र तुम्ही भरली तरी चालते. एवढं माहीत असलं की 'आधी दोन लाख' वाल्या मेसेजचं उत्तर आपोआप मिळतं.

बाँडही इथेच बघू, कारण आपल्याकडे फ्रेशरला बाँडची सवयच असते. एच-१बीवर मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल दंड आकारायला मनाई आहे. कंपनीचं खरोखर झालेलं नुकसान भरून मागणारी रास्त अट राज्याच्या कायद्यात बसत असेल तर चालते, आणि या दोन्हींमधली सीमा वकिलांना भांडायला भरपूर जागा देते. म्हणून ऑफर लेटरमध्ये 'तीन वर्षांच्या आत सोडल्यास इतके हजार डॉलर' असं वाक्य दिसलं, तर सही करण्याआधी विचारा की ही रक्कम कशाची. उत्तर लेखी मागा.

कामाची जागा हाही एलसीएचा भाग. २०१५च्या एका निर्णयानंतर, तुम्ही ज्या महानगर क्षेत्रासाठी एलसीए आहे त्याच्या बाहेर कायमचे कामाला गेलात, तर कंपनीने आधी सुधारित अर्ज करावा लागतो. घरून काम करत असाल तर घर हीच कामाची जागा. भाडं कमी म्हणून न्यू जर्सीहून टेक्सासला बिऱ्हाड हलवायचं असेल, तर सामान बांधायच्या आधी एचआरला सांगा.

नोकरी बदलली, नोकरी गेली

आखातातल्या जुन्या कफाला पद्धतीत मालक सोडेपर्यंत माणूस अडकायचा. एच-१बीही मालकाला बांधलेला आहे, पण २०००च्या कायद्याने एक दार उघडं ठेवलं. नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल केला की तो मंजूर व्हायची वाट न बघता तुम्ही तिथे काम सुरू करू शकता. पुन्हा लॉटरी नाही, कारण तुमची जागा आधीच मोजली गेली आहे.

नोकरी गेली तर ६० दिवस. किंवा तुमच्या आय-९४ची तारीख, जी आधी येईल ती. एवढ्यात नवी कंपनी शोधा, दुसऱ्या स्टेटससाठी अर्ज करा किंवा परत या. हा नियम २०१७पासूनचा आहे, त्याआधी एवढीही सवलत नव्हती. कंपनीने मुदतीआधी काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिने द्यायचा असतो. तुम्ही राजीनामा दिलात तर नाही. म्हणून 'कपात करतोय असं नको दाखवूया, तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील' असं कोणी गोड बोलून सांगितलं तर हा फरक लक्षात ठेवा.

शिक्का, आय-९४ आणि गणपतीची सुट्टी

तीन कागदांत लोक गोंधळतात. अर्ज मंजूर झाल्याचा कागद आय-७९७, तो कंपनीला मिळतो. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे विमानतळाच्या दारापर्यंत जायची परवानगी. आणि आत किती दिवस राहायचं ते ठरवतं आय-९४, जे दाखल होताना तयार होतं आणि ऑनलाइन उतरवून घेता येतं. पासपोर्ट लवकर संपत असेल तर अधिकारी आय-९४ त्याच तारखेपर्यंतच देऊ शकतो. अर्ज तीन वर्षांचा मंजूर आणि राहायची परवानगी चौदा महिन्यांची, असं होतं ते यामुळेच. दर वेळी दाखल झाल्यावर आय-९४ची तारीख बघा, आणि भारतात आलात तर पासपोर्टचं नूतनीकरण करून घ्या.

मुलाखत आपल्या भागातल्यांची मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. बोटांचे ठसे आणि फोटो आधी वेगळ्या केंद्रात, म्हणून रत्नागिरीहून जाणाऱ्याने निदान दोन दिवस धरावेत. कोकणकन्येने किंवा तुतारीने रात्री निघून पहाटे उतरता येतं, पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि दरड कोसळली तर वेळापत्रकालाही अर्थ नसतो. आदल्या दिवशीच पोचलेलं बरं. सप्टेंबर २०२५पासून आपल्या देशात किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यावी असा नियम आहे आणि मुलाखतीतून सूटही बरीच कमी झाली आहे. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासली जातात, ती पब्लिक ठेवायला सांगतात. तेव्हा भारतात आलेल्या अनेकांच्या ठरलेल्या तारखा काही महिने पुढे गेल्या आणि लोक इकडेच अडकले, नोकरी तिकडे. शिक्का संपलेला असताना चार दिवसांसाठी गणपतीला यायचं का, हा आता भावनेचा प्रश्न राहिलेला नाही.

आलात तर एक फायदा मात्र घ्या. सहा वर्षांच्या मर्यादेत फक्त अमेरिकेत घालवलेले दिवस मोजतात. गावी काढलेले पूर्ण दिवस परत मागता येतात, पुरावा म्हणून बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवायचे.

सहा वर्षांनंतर

व्हिसा तात्पुरता असला तरी या काळात कंपनी तुमच्यासाठी ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करू शकते. ती वेळेत सुरू झाली, तर सहा वर्षांनंतरही एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. आय-१४० हा अर्ज मंजूर असेल आणि रांगेमुळे ग्रीन कार्ड मिळत नसेल तर तीन-तीन वर्षांची. रांग का? नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातच बायकामुलंही मोजली जातात, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ अखेरीस ईबी-२ गटात भारतीयांची तारीख २०१३ सालात अडकलेली होती. या रांगेत आईवडील उभे असताना मूल २१ वर्षांचं झालं की ते सहसा रांगेतून बाहेर पडतं आणि त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. जोडीदाराला एच-४ मिळतो, पण काम करायची परवानगी आय-१४० मंजूर झाल्यावर किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाल्यावरच, तीही २०१५पासून. लग्न ठरवताना पत्रिकेपेक्षा हे आधी बघावं, असं मी घरी म्हणते तेव्हा आई चिडते.

दुसरे रस्ते, थोडक्यात

कंपनीची अमेरिकेत शाखा असेल तर एल-१ आहे. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तिच्याच परदेशी कार्यालयात काम केलेलं हवं. लॉटरी नाही, पण पगाराची एलसीएसारखी हमीही नाही आणि कंपनी बदलायची सोय नाही. बी-१ हा फक्त बैठका, चर्चा, वाटाघाटी यांसाठी. 'बी-१वर जाऊन थोडं कोडिंग करून ये' असं मॅनेजर म्हणाला तर नकार द्या. बी-१च्या वापरावरून इन्फोसिसने ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली होती. गैरवापराचे आरोप कंपनीने नाकारले होते.

आणि हे सगळं वाचून अमेरिकेलाच नावं ठेवायची इच्छा झाली असेल, तर आपल्या सरकारचे नियमही बघा. नव्वदच्या दशकात गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहत होता तेव्हा परदेशी इंजिनिअर इथे येऊन राहिले होते. आज असा माणूस आणायचा तर कंपनीला त्याच्यासाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो भारतात सहज मिळणाऱ्या कौशल्यासाठी देत नाहीत, मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि पगार वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये असावा लागतो. या पगाराच्या अटीतून परदेशी भाषा शिकवणारे शिक्षक, दुभाषे आणि आपल्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी यांना सूट आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना नाही.